सहाय्यक हवा, पर्याय नको

राज्य शासनाने ९ जुलै २०२४ रोजी ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने’चा निर्णय काढला. १८ ते ३५ वयोगटातील सुशिक्षित तरुणांना कार्यालयांत व आस्थापनांत प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळावा, हा तिचा घोषित हेतू होता. बारावी उत्तीर्णास दरमहा ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८ हजार आणि पदवीधरास १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. मुदत प्रथम सहा महिन्यांची होती. पुढे ती अकरा महिने झाली. या तरुणांपैकी अनेकांच्या वाट्याला जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आल्या. तेथे कोणी पहिलीच्या मुलांचा हात धरून अक्षरे गिरवून घेतली, कोणी संगणकावर माहिती भरली, कोणी शिक्षक नसलेला वर्ग दिवसभर सांभाळला. २०२५ मध्ये मुदती संपत गेल्या, कायम करण्याच्या मागणीसाठी मोर्चे निघाले, आणि योजनेच्या अटींनुसार नोकरीचा हक्क नाही, हे शासनाने त्यांना सांगितले. तरुण घरी गेले. ज्या कामासाठी शाळेला त्यांची गरज भासली होती, ते काम मात्र होते तेथेच राहिले.

या घटनाक्रमाची चर्चा बेरोजगारीचा प्रश्न म्हणून पुष्कळ झाली, आणि तशी ती होणे रास्तही होते. परंतु त्याची दुसरी बाजू शिक्षणाची आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. प्राथमिक शाळेत शिक्षकाच्या जोडीला एक सहाय्यक असावा काय? असल्यास त्याचे काम नेमके कोणते? आणि सहाय्यक म्हणून आणलेल्या माणसाला शिक्षकाच्या रिकाम्या खुर्चीवर बसविण्याचा मोह शासनाला आवरेल काय?

दोन शिक्षक, चार वर्ग

भंडारा जिल्ह्याचे उदाहरण घेतले म्हणजे गरज किती खरी आहे, हे ध्यानी येते. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला, सात तालुक्यांचा, सुमारे १२ लाख लोकवस्तीचा हा धानाचा मुलूख आहे. कोका आणि नागझिऱ्याच्या कडेची जंगलातली खेडी, तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणींभोवतीच्या वस्त्या, पवनीकडे गोसीखुर्द धरणामुळे उठून नव्या जागी बसलेली गावे, अशा विखुरलेल्या वस्तीत शाळा लहान असणे अपरिहार्य आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. मुले ६० असोत वा २५, वर्ग मात्र चार, क्वचित पाच. म्हणजे प्रत्येक शिक्षकाकडे एकाच वेळी किमान दोन वर्ग आले, आणि मुलाच्या वाट्याला शिक्षकाचे निम्मेच लक्ष आले. दोघांपैकी एक रजेवर, प्रशिक्षणाला किंवा मतदारयादीच्या कामाला गेला की तेच निम्मे पाव होते.

त्यात येथील ऋतुचक्राची भर पडते. विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि लगेच रोवणी सुरू होते. आई पहाटेच बांधीवर जाते. थोरली मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते, नाहीतर त्याला कडेवर घेऊनच शाळेत येते. पहिलीत नुकतेच नाव घातलेल्या मुलाला शाळा अंगवळणी पडण्याचे जे पहिले आठवडे, ते नेमके घरातील सर्वांत धावपळीचे आठवडे असतात. दिवाळीच्या सुमारास कापणी आणि मळणी येते, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफूल आणि मग तेंदूपत्ता. गैरहजर राहिलेले मूल परत येते तेव्हा वर्ग चार धडे पुढे गेलेला असतो. त्याला पाठीमागून हात देऊन पुढे आणणारे कोणी नसेल, तर ते मूल हजेरीपटावर राहते आणि शिक्षणातून मात्र गळते.

तिसरी अडचण भाषेची. या भागात घरोघरी झाडीबोली बोलली जाते. काही गावांत पोवारी, काही पाड्यांवर गोंडी. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ हे उच्चार नाहीत. पाटीवर ‘डोळा’ लिहिलेला असताना मूल ‘डोरा’ वाचते आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते. दूरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या शिक्षकाला ती चूक वाटते. गावातल्या मुलीला ते तिच्या आजीचे बोलणे वाटते. मुलाला शब्द कळला आहे आणि उच्चार तेवढा त्याच्या घरचा आहे, हे ओळखणे म्हणजे वाचन शिकविण्यातील अर्धे काम होय. गावातील बारावी झालेली तरुणी हे सहज ओळखते. सहाय्यकाची खरी पात्रता येथे आहे, आणि ती कोणत्याही प्रमाणपत्रावर छापून येत नाही.

अनुभव काय सांगतो?

शिकलेल्याने नव्याला शिकवावे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले धाकट्यांकडून धुळपाटीवर अक्षरे घोटवून घेत. १७९० च्या दशकात मद्रासेत अँड्र्यू बेल याने हीच देशी रीत पाहिली, आपल्या अनाथालयात राबविली आणि इंग्लंडात नेली. मात्र आधुनिक काळात तिची काटेकोर परीक्षा झाली ती मुंबईत. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबईच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच, दहावी-बारावीपर्यंत शिकलेल्या या मुली तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना दिवसातून दोन तास वेगळे बसवून अक्षर आणि अंक शिकवीत. मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथे या उपक्रमाची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. पुढे २०१९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली आणि ती सर्वाधिक होती सर्वांत कच्च्या मुलांत. परंतु त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी आढळल्या, ज्यांचा उल्लेख सहसा होत नाही. कच्ची मुले बाहेर गेल्यामुळे वर्गात संख्या कमी झाली, तरी मागे उरलेल्या मुलांना त्याचा लाभ झाला नाही. आणि मदत थांबल्यानंतर वर्षभराने वाढलेल्या गुणांचा मोठा भाग ओसरला होता. म्हणजे लाभ केवळ माणूस वाढविल्याचा नव्हता; तो ठरलेल्या कामाचा आणि त्या कामातील सातत्याचा होता.

याची उलटी बाजू इंग्लंडने पाहिली आहे. तेथे शाळांतून शिक्षणसहाय्यकांची संख्या झपाट्याने वाढली. लंडन विद्यापीठाच्या शिक्षणसंस्थेतील पीटर ब्लॅचफोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ ते २००९ या काळात त्यांच्या कामाचा विस्तृत अभ्यास केला. निष्कर्ष धक्कादायक होता. ज्या मुलांना सहाय्यकांची मदत सर्वाधिक मिळाली, त्यांची प्रगती तुलनेने कमी झाली. सहाय्यकांच्या निष्ठेत उणेपणा नव्हता. सर्वांत अडलेले मूल सहाय्यकाच्या हवाली करून शिक्षक बाकीच्या वर्गाकडे वळत असे. ज्याला कुशल शिक्षकाची सर्वाधिक गरज, त्यालाच तो सर्वांत कमी मिळे. पूर्वतयारीला वेळ नाही, शिक्षकाशी बोलण्याला सवड नाही, अशा स्थितीत सहाय्यक मुलाला समजावण्याऐवजी उत्तर सांगून मोकळा होई.

दोन्ही अनुभव एकत्र ठेवले म्हणजे अर्थ सरळ निघतो. शिक्षकाच्या शेजारी, त्याच्या देखरेखीखाली, ठरलेल्या कामासाठी उभा असलेला सहाय्यक मुलाला तारतो. शिक्षकाच्या जागी उभा केलेला सहाय्यक मुलाला आणि स्वतःलाही बुडवितो.

अर्ध्या शिक्षकांची परंपरा

दुर्दैवाने आपल्या शासनाचा कल दुसऱ्या वाटेकडे राहिला आहे. २००० सालापासून शिक्षणसेवक योजना आली. पात्र, प्रशिक्षित उमेदवारालाही पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी मानधन! प्राथमिक शिक्षणसेवकाला ते २०१२ पासून महिना ६ हजार होते आणि २०२३ मध्ये १६ हजार झाले. मधल्या दशकात बाजारभाव कोठून कोठे गेले, हे कारकुनी पेशातील वाचकांना सांगावयास नको. त्याच सुमारास वस्तीशाळा निघाल्या. अल्प मानधनावरील निमशिक्षकांनी शेताच्या बांधावर, मंदिराच्या ओसरीवर त्या चालविल्या. त्यांना नियमित सेवेत येण्यास २०१४ साल उजाडले. २०१२ पासून शिक्षकभरतीवर निर्बंध आले आणि पुढे ‘पवित्र’ पोर्टलमार्फत होणारी भरतीही वर्षानुवर्षांच्या अंतराने होत राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये तर कमी पटाच्या शाळांत दोन शिक्षकांपैकी एक निवृत्त किंवा कंत्राटी, १५ हजार मानधनावरील असावा, असा निर्णय शिक्षकदिनीच निघाला. विरोधानंतर तो आधी आकुंचित झाला आणि पुढे मागे घेतला गेला. निर्णय गेला, परंतु त्यामागची वृत्ती गेली, असे समजण्याचे कारण नाही.

या वृत्तीचा शेवट कोठे होतो, हे पाहण्यासाठी उत्तर प्रदेशाकडे पाहावे. तेथे १९९९ पासून बारावी झालेले ‘शिक्षामित्र’ शिक्षकांच्या मदतीला म्हणून घेण्यात आले. त्यांची संख्या दीड लाखाच्या पुढे गेली. प्रत्यक्षात त्यांनी वर्ग चालविले, म्हणून राज्याने त्यांना शिक्षकपदावर सामावून घेतले. २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते समायोजन रद्द ठरविले आणि २५ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. शिक्षकपात्रतेची किमान अट डावलता येत नाही, हे न्यायालयाचे म्हणणे कायद्याला धरून होते. परंतु वेतनश्रेणीवर पोहोचलेली माणसे पुन्हा महिना १० हजारांवर आली. आयुष्याची उमेदीची पंधरा वर्षे शाळेत घातलेल्या माणसाला ‘तू शिक्षक नव्हतासच’ असे ऐकावे लागले. दोष कोणाचा? ज्याने काम केले त्याचा की ज्याने कामाचे नाव एक ठेवून दुसरेच काम करून घेतले त्याचा?

काय करावयास हवे?

यावर ‘सहाय्यक नकोच, केवळ शिक्षक भरा’ असे शिक्षकसंघटना म्हणतील. शिक्षकांची मंजूर पदे भरली पाहिजेत, यात दुमत नाही. तो पहिला आणि बिनशर्त मुद्दा आहे. परंतु सर्व पदे भरली तरी लहान शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग हे गणित बदलत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना जवळ बसून वाचून दाखविणारा, गैरहजर मुलाच्या घरी जाणारा, अपंग मुलाला वर्गात बसते करणारा, ऑनलाइन नोंदींचा भार शिक्षकाच्या डोक्यावरून काही अंशी उतरविणारा दुसरा हात लागणारच. आज यातील पुष्कळसे काम पोषण आहार शिजविणारी बाई, आठवड्यातून कधीतरी येणारे विशेष शिक्षक आणि चौथीतील हुशार मुली मिळून करतात. ते असे निनावी चालू ठेवण्यापेक्षा त्याला नाव आणि नियम देणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

त्यासाठी चार गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, शिक्षणसहाय्यकाचे पद शिक्षकसंख्येत धरू नये. संचमान्यतेत त्याच्या नावावर एकही शिक्षक कमी होता कामा नये. दुसरी, त्याचे काम लेखी असावे आणि संपूर्ण वर्ग एकट्याने चालविणे हे त्यात कधीही नसावे. तिसरी, निवड त्याच गावातून वा केंद्रातून व्हावी, बोलीच्या ज्ञानाला गुण असावेत, आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत कामापूर्वी प्रशिक्षण आणि दरमहा एक दिवस उजळणी असावी. चौथी, नेमणूक अकरा महिन्यांची नको. मूल पहिलीतून तिसरीत जाईपर्यंत तरी माणूस बदलू नये. आणि ज्याला पुढे शिक्षक व्हावयाचे आहे त्याला पदविका व पात्रता परीक्षेची वाट मोकळी असावी, या सेवेचे गुण भरतीत मिळावेत. म्हणजे मागील दाराने कायम करण्याचे आश्वासनही नको आणि पुढील दार बंदही नको.

पैशाचा आक्षेप निघेलच. परंतु १० हजार विद्यावेतनाच्या एका पदवीधर प्रशिक्षणार्थ्यावर शासनाने अकरा महिन्यांत १ लाख १० हजार रुपये खर्च केले. त्याने मुलांची नावे, घरे आणि अडचणी ओळखल्या, त्याच सुमारास त्याला निरोप दिला. हा खर्च वाचविलेला पैसा नव्हे. हा अर्ध्यावर सोडलेला पाट आहे, ज्याचे पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोहोचलेच नाही.

शिक्षक आणि सहाय्यक ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्ही प्रतिष्ठेची आहेत. त्यांची गल्लत करून शासन तात्पुरती बचत करील. त्या बचतीची किंमत मात्र ज्याला ‘ळ’ अजून उच्चारता येत नाही, ते पहिलीतील मूल भरील. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील आणि रोवणीही सुरू होईल. त्यापूर्वी जिल्हा परिषदांनी आपापल्या लहान शाळांची यादी करून, कोठे शिक्षक हवा आणि कोठे शिक्षकाच्या जोडीला सहाय्यक हवा, हे स्वतंत्रपणे लिहून काढावे आणि शासनापुढे ठेवावे. दोन रकाने वेगळे आखणे, ही या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात आहे.