हरलेल्या गाडीलाही पाटी हवी

नगरला रणगाडे बघायला जायचं ठरलं तेव्हा मी काही फार उत्साहात नव्हते. माझा एक मित्र मेकॅनिकलला आहे. त्याच्या हट्टापायी चिखली, जालना, संभाजीनगर करत एसटीने आम्ही चौघं तिथं पोहोचलो. त्याला बघायची होती एकच गाडी, आणि तीही रणगाडा नव्हे. रोल्सरॉईस!

अहिल्यानगरचं हे कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ साली सुरू झालं. मोकळ्या मैदानात रांगेने रणगाडे उभे आहेत आणि प्रत्येकासमोर पाटी आहे. तिथली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे सिल्व्हर घोस्टच्या चेसिसवर बांधलेली चिलखती गाडी. मित्र तिच्यासमोरून हलेना. मग त्यानेच सांगितलं. १९०७ मध्ये सिल्व्हर घोस्ट लंडन-ग्लासगो रस्त्यावर पुन्हा पुन्हा पळवली गेली, एकूण १४,३७१ मैल, म्हणजे २३ हजार किलोमीटरच्या वर. गाडी किती टिकते याचीच ती परीक्षा होती. सात वर्षांनी पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा इंग्रजांनी त्याच चेसिसवर पोलादी पत्रे चढवले आणि वर मशीनगन बसवली. श्रीमंतांची गाडी लढाईवर निघाली.

मला मात्र दुसरीच गोष्ट आवडली. तिथं पॅटन रणगाडाही आहे. १९६५ च्या युद्धात खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या सैन्याने पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांची जी अवस्था केली, ती आपण शाळेत अब्दुल हमीद यांच्या धड्यात वाचलेली असते. म्हणजे हा हरलेल्या बाजूचा रणगाडा. तरी तो जपलाय, रंगवलाय, त्याची माहिती लिहिलीय. आपला विजयंता आणि हरलेला पॅटन एकाच मैदानात.

परतीच्या गाडीत मित्र गप्प होता. विचारलं तर म्हणाला, ‘आमची बग्गी भंगारात गेली गं.’

तो आपल्या जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात शिकतो. कॉलेजचं नाव महत्त्वाचं नाही, कारण ही गोष्ट बऱ्याच कॉलेजांची असणार. दोन वर्षांपूर्वी त्याच्या सीनिअर्सनी ‘बाहा’ स्पर्धेसाठी बग्गी बांधली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहा एसएई इंडिया ही इंजिनीअरिंगच्या मुलांची स्पर्धा २००७ मध्ये मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला सुरू झाली. पाइप वाकवून, वेल्डिंग करून, खड्ड्यांतून आणि चिखलातून धावणारी एका सीटची गाडी मुलांनी स्वतः बांधायची. सगळ्यात अवघड फेरी एन्ड्युरन्सची, सलग चार तासांची.

सीनिअर्सची गाडी त्याच फेरीत बंद पडली. पुढच्या चाकाचा नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं आणि वळतं तो भाग, तुटला. गाडी कॉलेजात परत आली, इंजिन काढून घेतलं आणि सांगाडा वर्कशॉपमागच्या शेडमध्ये पडला. मग एक दिवस जागा हवी होती म्हणून भंगारवाल्याला बोलावलं. वर्कशॉपच्या काकांनी मित्राला समजावलं होतं, ‘अरे, हरलेली गाडी ठेवून काय करता? लोकायले काय दाखवता?’

यंदा मित्राची टीम गेली. कुठे अडकली? त्याच नकलपाशी. सीनिअर्स नोकरीला लागून पुण्याला गेलेले, गाडी वितळलेली, आणि काय चुकलं होतं ते कुणी कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं. वर्गणी काढून, रात्र रात्र जागून मुलांनी तीच चूक दुसऱ्यांदा विकत घेतली.

म्हणून माझं म्हणणं आहे की म्युझियम हा फक्त सहलीचा विषय नाही. जिथं आधीच्यांचं कष्टाने कमावलेलं शहाणपण हाताला लागतं, ती जागा म्हणजे म्युझियम. आपल्या कॉलेजांत ऑफिसबाहेर काचेचं कपाट असतं, त्यात फक्त चषक. चषक बघून अभिमान वाटतो, पण शिकता काय येतं? तुटलेला नकल हातात घेतला की पोरगं लगेच विचारतं, हा इथंच का तुटला?

तमिळनाडूतल्या कोइम्बतूरचं उदाहरण बघा. एस. करिवर्धन नावाच्या माणसाने १९८८ मध्ये आपल्या घरोघरच्या मारुती ८०० चं इंजिन घेऊन रेसिंग कार बनवली, फॉर्म्युला मारुती. पुढे त्याच गाडीवर हात बसवलेला त्याच शहरातला नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. आज तिथल्या ट्रॅकला करिवर्धन यांचं नाव आहे आणि शहरात गाड्यांचं मोठं म्युझियमही आहे. एका पिढीने केलेलं दुसऱ्या पिढीला दिसत राहिलं, तर असं होतं.

कुणी म्हणेल, आपल्याकडे एवढा पैसा कुठे? पण पुण्यात विक्रम पेंडसे यांनी स्वतःच्या घरातच जुन्या सायकलींचं म्युझियम उभं केलंय. सुरुवात करायला एक माणूस पुरतो.

कॉलेजकडे जागा नाही आणि इंजिन पुढच्या टीमला लागतं, हेही मान्य. इंजिन घ्या की! सांगाडा भिंतीला टांगा. तेही जमत नसेल तर तुटलेला भाग ठेवा. शेजारी पाच ओळींची पाटी लावा: वर्ष, टीममधल्या मुलामुलींची नावं, गाडीचं वजन, कुठे बंद पडली, का बंद पडली. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि ती खरी लिहायची.

१५ सप्टेंबरला अभियंता दिन सगळीकडे साजरा होतो. विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, दोन भाषणं, चहा-बिस्किट. यंदा त्या दिवशी शेडचं कुलूप उघडा आणि गावातल्या जिल्हा परिषद शाळेची पोरं बोलवा. त्यांना सांगाड्यात बसू द्या, स्टिअरिंग फिरवू द्या. ‘ही गाडी तुमच्या गावच्या दादा-ताईंनी बांधली, आणि इथं तुटली,’ असं सांगा.

मित्राने यंदाचा तुटलेला नकल जपून ठेवलाय. सध्या तो त्याच्या होस्टेलच्या खिडकीत आहे. पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलंय. भिंत मात्र कॉलेजने द्यायची आहे.