दुर्बिणीआधी खळं

जव्हारच्या अंगणातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर दिसतो. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. उत्तरेच्या क्षितिजावर अशा एकावर एक दोन मुठी ठेवा. त्यांच्या वर ध्रुव. गावाचा अक्षांश १९.९, म्हणून हे गणित इतकं सोपं. आकाशाचे फोटो काढायचं ज्याच्या मनात आहे, त्याने एक रुपयाही खर्च करण्याआधी या दोन मुठी मोजून याव्यात. ध्रुवाच्या जागी शेजारच्या घराची कौलं किंवा आंब्याचं झाड येत असेल, तर ताऱ्यांच्या मागे फिरणारं माउंट त्या अंगणात नीट लावणं फार कठीण जातं. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि ध्रुव दिसतच नसेल तर रोखायचा कुठे?

दक्षिणेकडे मात्र या भागाची श्रीमंती आहे. अगस्ती इथे सतरा अंशांपर्यंत चढतो. लंडनच्या क्षितिजावर तो कधी उगवतच नाही. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गुच्छ बावीस-तेवीस अंशांवर येतो. आणि आकाशगंगेचा मध्यभाग, धनू-वृश्चिकाच्या सीमेवरचा तो दाट पट्टा, एक्केचाळीस अंशांवर. हा पट्टा नीट मिळावा म्हणून युरोपातले हौशी लोक पदरमोड करून नामिबियाला जातात. आपल्याकडे तो दाभोसा धबधब्याच्या वाटेवरच्या कुठल्याही उघड्या माळावरून दिसतो.

म्हणून 'दुर्बीण कोणती घेऊ?' असं कुणी विचारलं की मी आधी 'उभं कुठे राहणार?' असं विचारतो. जव्हार-मोखाड्यात याचं उत्तर बहुतेक पाड्यांवर तयार असतं: खळं. नागली-वरईची झोडणी आटोपली की कार्तिकानंतर खळं मोकळं होतं. जमीन सपाट, चोपून घट्ट केलेली, शेणाने सारवलेली, त्यामुळे धूळ उडत नाही. वारा यावा म्हणून खळं मुळातच उघड्यावर केलेलं असतं, म्हणजे चहूबाजूंचं आकाश मोकळं. ट्रायपॉडचे पाय रुतत नाहीत आणि हलतही नाहीत. शहरातला माणूस गच्चीवर जे शोधतो आणि जे त्याला मिळत नाही, ते सगळं इथे आहे. सिमेंटची गच्ची दिवसभर तापते, रात्री उष्णता सोडत राहते आणि वरची हवा थरथरते. दुर्बिणीतला शनी त्यामुळे पाण्यात पडल्यासारखा हलतो. सारवलेल्या जमिनीवर हा त्रास बराच कमी.

अंधाराचा हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करायला हवा. जव्हार साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, आणि चारी बाजूंनी उजेड त्याच्या दिशेने सरकतोय. पूर्वेला नाशिक, वायव्येला वापी-सिल्वासा, पश्चिमेला बोईसर-तारापूर, नैर्ऋत्येला वसई-विरार, आणि त्याच्या डाव्या अंगाला भिवंडी-कल्याण. निरभ्र रात्री क्षितिजालगत यांचे पिवळट-पांढरे घुमट ओळखता येतात. मोकळी राहते ती मुख्यतः ईशान्य, पेठ-सुरगाण्याकडची. डोक्यावरचं आकाश अजून चांगलं आहे. देवयानी दीर्घिका, जिचा प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघाला, ती हिवाळ्यात नुसत्या डोळ्यांनी पुसट ढगासारखी दिसते. मुंबईत ती दिसत नाही, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

मुंबईतल्या आकाशप्रेमींनी यावर फार पूर्वी उपाय शोधला. १९८५ साली सुरू झालेलं खगोल मंडळ वर्षानुवर्षं वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम घेत आलं आहे. कर्जतच्या लोकलने जाता येतं, आणि तेव्हा तिथे अंधार होता. आज वांगणीच्या आकाशावर बदलापूर-अंबरनाथचा उजेड चढला आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था त्याहून जुनी, १९४४ची. तिथल्यांनाही शहर वाढेल तसतसं लांब लांब जावं लागलं. जव्हारला असं कुठे जावं लागत नाही, हे भाग्य किती दिवसांचं आहे ते पुढे सांगतो.

आता सामानाकडे. माझं ठाम मत आहे की नवशिक्याने पहिल्या हिवाळ्यात दुर्बीण घेऊच नये. घरात जुना डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा असेल तर तो, नसेल तर प्रो मोड असलेला मोबाइल. विकत घ्यायचा तो फक्त ट्रायपॉड, आणि त्यात काटकसर करू नये. हलका, लवचिक ट्रायपॉड वाऱ्याने थरथरतो आणि प्रत्येक तारा अळीसारखा वाकडा येतो. पाय पूर्ण लांब करू नका, मधला दांडा वर काढू नका, खाली दगडांची पिशवी लटकवा. एवढ्यानेही निम्मं काम होतं.

पहिलं लक्ष्य मृग. पेरणीसाठी ज्या मृगाची आपण वाट बघतो, तेच नक्षत्र. जूनमध्ये सूर्य त्या भागात असतो, त्यामुळे तेव्हा ते दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्री डोक्यावर येतं. मधल्या तीन ताऱ्यांच्या ओळीखाली जो धूसर ठिपका दिसतो, तो ताऱ्यांचा जन्म होत असलेला प्रचंड तेजोमेघ आहे, सुमारे तेराशे प्रकाशवर्षांवरचा. ५० मिलिमीटरची साधी लेन्स त्याच्यासाठी पुरते.

फोकस हातानेच करायचा. ऑटोफोकस अंधारात भरकटतो, म्हणून तो बंद करा. कॅमेरा व्याधाकडे वळवा, पडद्यावर प्रतिमा पूर्ण मोठी करा आणि व्याध अगदी बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवा. मग रिंगवर चिकटपट्टी लावून टाका. फोटो रॉ स्वरूपात ठेवा. आयएसओ १६०० किंवा ३२००. लेन्सचं तोंड पूर्ण उघडण्यापेक्षा एक पायरी कमी, म्हणजे कडेचे तारे फाटत नाहीत. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर, बोटाचा धक्का लागू नये म्हणून.

किती सेकंद उघडं ठेवायचं? पृथ्वी फिरते, आकाश तासाला पंधरा अंश सरकतं, आणि स्थिर कॅमेऱ्यात ताऱ्याची रेघ होते. हौशी लोक ५०० चा नियम वापरतात: ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं, सेन्सर लहान असेल तर त्या उत्तराला आणखी दीडने. लहान सेन्सरवर ५० मिलिमीटरला उत्तर येतं सुमारे साडेसहा सेकंद. पण मृग खगोलीय विषुववृत्तावर आहे आणि तिथे तारे सर्वांत वेगाने सरकतात. म्हणून मी चार सेकंदांच्या वर जात नाही. ध्रुवाजवळचं आकाश टिपायचं असेल तर जास्त वेळ चालतो. १८ मिलिमीटरच्या लेन्सने आकाशगंगा घ्यायची तर पंधरा सेकंद खुशाल द्या.

चार सेकंदांच्या एका फोटोत फारसं काही दिसत नाही. खरी गंमत बेरजेत आहे. तसेच शंभर फोटो काढा आणि संगणकावर डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल यापैकी एकात एकावर एक बसवा. दोन्ही फुकट मिळतात. खरा प्रकाश प्रत्येक फोटोत एकाच जागी असतो आणि कॅमेऱ्याचे खोटे ठिपके दरवेळी वेगळीकडे पडतात, म्हणून शंभरांच्या सरासरीत ती खरखर दहापट कमी होते. शेवटी लेन्सला टोपण लावून तितक्याच सेकंदांचे वीसेक काळे फोटो काढून ठेवा. सेन्सरचे कायमचे दोष त्यातून वजा होतात. दर पाच-सात मिनिटांनी मृग चौकटीतून सरकेल, तो पुन्हा मध्यावर आणा. एवढं केलं की त्या धूसर ठिपक्यातून गुलाबी पंख उघडतात. ज्याने हे स्वतःच्या खळ्यात एकदा पाहिलं, त्याला पुढे काय घ्यायचं ते दुकानदाराने सांगावं लागत नाही.

काही गोष्टी या भागाच्या. डिसेंबरच्या पहाटे दव इतकं पडतं की काच पांढरी होते. लेन्सवर हूड ठेवा, आणि पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी मिळाली तर ती गुंडाळा. काच फडक्याने पुसू मात्र नका. जव्हार-मोखाडा-त्र्यंबक रस्त्यापासून डोंगराच्या आडोशाला बसा, नाहीतर वळणावरच्या प्रत्येक गाडीचा झोत फोटोत येतो. आकाशगंगेचा मध्यभाग मार्चच्या मध्याला रात्री दीडच्या सुमारास उगवतो आणि मेच्या अखेरीस नऊ वाजताच. पण हेच दिवस राब भाजण्याचे. शेतात पालापाचोळा जाळला जातो आणि संध्याकाळचा धूर दरीत साचतो. राब भाजणं हे इथल्या भातशेतीचं काम आहे, त्याबद्दल तक्रार करण्याचा कुणाला हक्क नाही. आपण पहाटे तीनला उठावं, तोवर धूर बराच बसलेला असतो. पावसाच्या चार महिन्यांत लेन्सवर बुरशी चढते. सगळं सामान हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. कपाटात, चामड्याच्या पिशवीत ठेवलेली लेन्स दसऱ्याला कामाची राहत नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात दुर्बीण घ्या, आणि ती बघण्यासाठी घ्या. फोटोची दुर्बीण आणि बघण्याची दुर्बीण हे दोन वेगळे खर्च आहेत. दीर्घ फोटोंसाठी पैसा नळीपेक्षा माउंटमध्ये जातो. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच दूर आहे, तेवढी चूकही माउंटला चालत नाही. बघण्यासाठी सहा इंची आरशाची डॉबसोनियन घ्यावी. प्लायवूडच्या साध्या पेटीवर फिरणारी, बिघडण्यासारखं जिच्यात काही नाही अशी. तिचं नाभीय अंतर बहुधा १२०० मिलिमीटर असतं. २५ मिलिमीटरचा आयपीस लावला की ४८ पट मोठं दिसतं, आणि तेवढ्यात शनीची कडी स्पष्ट होतात. खोक्यावर '५२५ पट' छापलेल्या साठ-सत्तर मिलिमीटरच्या दुर्बिणी मुलांसाठी आणल्या जातात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. मिलिमीटरमधल्या व्यासाच्या दुपटीपलीकडे मोठेपणाला अर्थ उरत नाही. मुलाला थरथरती, काळोखी प्रतिमा दिसते आणि त्याची ओढ तिथेच संपते. चंद्राचे फोटो मात्र डॉबच्या आयपीसवर मोबाइल क्लॅम्पने धरून पहिल्याच रात्री उत्तम येतात. चंद्र इतका तेजस्वी की सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. ज्याच्या हातात कसब आहे त्याने आरसा स्वतः घासावा. पुण्याच्या आयुकाने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत, आणि शाळकरी मुलांनीही असे आरसे घासले आहेत.

इथे एक गोष्ट मला टोचते. या भागातलं आकाश स्वच्छ असतं ते नोव्हेंबर ते मे. नेमक्या त्याच महिन्यांत जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, भिवंडी-वसईकडे, आणि पावसाच्या तोंडावर परततात. खळं मोकळं असतं तेव्हा घराला कुलूप असतं. ज्यांच्या अंगणात हे आकाश आहे तीच माणसं ते बघायला घरी नसतात, आणि शनिवार-रविवारी गाडीतून येणाऱ्यांना ते मिळतं. मागे राहतात ती आश्रमशाळांमधली मुलं. ती रात्री शाळेतच असतात, त्यांच्यासमोर मैदान असतं, आणि त्यांच्यासाठी कुणाला प्रवासाचा खर्च करावा लागत नाही. म्हणून या तालुक्यांत आकाशदर्शनाचा पैसा जायचा असेल तर तो आधी तिथे जावा: प्रत्येक आश्रमशाळेत एक सहा इंची डॉब, एक मजबूत ट्रायपॉड, आणि ती वापरायला शिकलेला एक शिक्षक. जव्हारला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. हा निर्णय मंत्रालयापर्यंत जाण्याइतका मोठा नाही.

आणि दिवे. २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या हौशी निरीक्षकांनी आपल्या आकाशात किती तारे दिसतात याच्या नोंदी केल्या. त्यातल्या बहुतेक युरोप-अमेरिकेच्या. २०२३च्या जानेवारीत 'सायन्स'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार आकाशाचा उजळपणा वर्षाला सुमारे ९.६ टक्क्यांनी वाढत होता, म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. आपल्या पश्चिमेला आता वाढवण बंदर उभं राहतंय, दक्षिणेकडून समृद्धी महामार्ग गेलाय. ते थांबवण्याचा हा विषय नाही. गावातल्या दिव्यांचा आहे. पाड्यावर दिवा हवाच. रस्त्यावर साप असतो, विहिरीवर बायका असतात. पण दिव्याचा उजेड जमिनीवर पडावा. वर आणि आडवा जातो तो वाया जातो, डोळ्यांत खुपतो आणि रस्ता उलट कमी दिसतो. वरून झाकलेला, खाली तोंड केलेला, ३००० केल्विनपेक्षा जास्त निळसर नसलेला दिवा कमी वॅटमध्ये तेवढंच काम करतो. नागपूरच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने आसपासच्या गावांतले दिवे असे बदलून घेतले आणि २०२४च्या जानेवारीत ते भारतातलं पहिलं प्रमाणित अंधार-आकाश उद्यान ठरलं. महाराष्ट्रातच झालेलं काम आहे, नमुना बाहेरून आणायचा नाही.

ग्रामपंचायतींनी पुढच्या दिव्यांच्या खरेदीत 'वरून बंद, खाली प्रकाश, ३००० केल्विन' एवढ्या अटी लिहाव्यात. आणि आश्रमशाळांनी त्याआधीच एक काम करावं: मैदानावरच्या दिव्याला वेगळं बटण बसवून घ्यावं, म्हणजे अमावास्येच्या आगेमागे चार रात्री तो तासाभरासाठी बंद करता येईल. जेमिनिड उल्का १३-१४ डिसेंबरच्या रात्री येतात. तोवर वायरमनला बोलवायला वेळ आहे.