पान्ह्याचे इंजेक्शन आणि बंदीचा मोह

म्हशीने पान्हा सोडावा म्हणून गोठ्यात टोचले जाणारे आणि बाळंतिणीचा रक्तस्राव थांबावा म्हणून प्रसूतिगृहात दिले जाणारे औषध एकच आहे. त्याचे नाव ऑक्सिटोसिन. गोठ्यातील गैरवापराला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये जो उपाय योजला, त्याची किंमत बाळंतिणींना मोजावी लागण्याची वेळ आली होती. औषध नियंत्रणाची चर्चा करताना हे प्रकरण विसरून चालणार नाही.

ऑक्सिटोसिन हे मुळात शरीरातच निर्माण होणारे संप्रेरक आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये ते तयार होते आणि पीयूषिका म्हणजेच पिट्युटरी ग्रंथीच्या मागील भागातून रक्तात मिसळते. प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे आकुंचन घडवणे आणि त्यानंतर पान्हा आणणे, ही त्याची दोन प्रमुख कार्ये. अमेरिकी शास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले. १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मूल जन्मल्यावर गर्भाशय नीट आकुंचन पावले नाही, तर रक्तस्राव थांबत नाही आणि अल्पावधीत मातेच्या जिवावर बेतते. भारतातील मातामृत्यूंचे हे एक प्रमुख कारण आहे. म्हणूनच प्रसूतीनंतर प्रत्येक मातेला या औषधाची १० युनिटची मात्रा द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

असे असताना २७ एप्रिल २०१८ रोजी केंद्राने अधिसूचना काढून देशांतर्गत वापरासाठी ऑक्सिटोसिन बनवण्यास खासगी कंपन्यांना मनाई केली. उत्पादनाचा अधिकार कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या एकमेव सार्वजनिक कंपनीकडे राहणार होता. दरवर्षी दोन कोटींहून अधिक बालके जन्माला येणाऱ्या देशाने एका कारखान्यावर विसंबून राहायचे, असा त्याचा अर्थ होता. तेथे यंत्र बिघडले किंवा शीतगृहाची साखळी तुटली, तर पर्याय कोणता, याचे उत्तर अधिसूचनेत नव्हते.

दिल्ली उच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी ही अधिसूचना मनमानी ठरवून रद्द केली. पुरवठा आटल्यास स्त्रियांवर काय परिणाम होईल, याचा सरकारने पुरेसा विचार केला नाही, असे न्यायालयाने नमूद केले. केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आले.

गैरवापर खोटा होता, असे मात्र नाही. रेडकू जवळ नसलेली म्हैस पान्हा चोरते. तेव्हा दोन्ही वेळच्या धारेआधी सुई टोचणे हा सोपा मार्ग ठरतो. त्यात जनावराचे हाल होतात. दुधातून हे संप्रेरक माणसाला बाधते, ही शहरी ग्राहकाची भीती त्या मानाने दुबळी आहे. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ही साखळी पोटात पचून जाते. खरा धोका आहे तो बिनलेबलाच्या बाटल्यांतून येणाऱ्या चोरट्या मालाचा. परवानाधारक कारखान्यांना कुलूप लावून तो धंदा थांबत नाही. उलट त्याला मोकळे रान मिळते.

यासाठी नव्या कायद्याचीही गरज नव्हती. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ नुसार गुन्हाच आहे. तरीही मे २०२४ मध्ये राजधानीतील गोठ्यांची दर आठवड्याला तपासणी करा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला प्रशासनाला बजावावे लागले. कायदा होऊन सहा दशके लोटल्यावर ही वेळ यावी, यातच सारे आले.

बंदीचा आदेश एका दिवसात निघतो. गोठ्यागोठ्यात जाऊन तपासणी करायला निरीक्षक, वेळ आणि इच्छाशक्ती लागते. तिची उणीव बाळंतिणीच्या औषधाला कात्री लावून भरून निघणार नाही.