हिरडीचें रक्त आणि पाण्याची धार

दांत कोरून पोट भरत नाहीं, ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडीं आहे. क्षुल्लक बचतीनें संसार उभा राहत नाहीं, एवढाच तिचा आशय. आणि तो खोटा नाहीं. परंतु दांतांच्या फटींत जो कण अडकून राहतो तो मात्र क्षुल्लक नव्हे. त्यानें पोट भरत नसेल. पण तो तेथेंच कुजूं दिला, तर पोट भरण्याचें साधनच एके दिवशीं हातचें जातें. दांत आहेत तर चणे नाहींत आणि चणे आहेत तर दांत नाहींत, ही दुसरी म्हण मग घरोघर खरी होऊन बसते.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील आहार दांतांची चांगलीच परीक्षा पाहणारा आहे. हुरड्याचे दाणे, भाजलेल्या कणसाचीं सालें, तुरीच्या उकडलेल्या शेंगा, शेगांवची कचोरी आणि उन्हाळ्यांत रेषांनीं भरलेला गांवठी आंबा. ह्यांपैकीं प्रत्येक पदार्थ दोन दांतांच्या मध्यें आपली कांहींना कांहीं खूण ठेवून जातो. तेव्हां दांतांच्या फटी स्वच्छ कशा राखाव्या, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या नित्य जिव्हाळ्याचा आहे. अलीकडे त्यासाठीं वॉटर फ्लॉसर नांवाचें, पाण्याच्या धारेनें फटी धुणारें एक लहानसें यंत्र बाजारांत मिळूं लागलें आहे. त्याचा उपयोग कसा करावा हें सांगण्यापूर्वीं, तें ज्या रोगासाठीं आहे त्याविषयींची एक घातक समजूत दूर करणें आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें.

सकाळीं दांत घासतांना थुंकी तांबडी दिसली, म्हणजे बहुतेक घरांत एकच निदान होतें: "उष्णता झाली." मग ताक पाजावें, सब्जा भिजत घालावा, आणि "हिरडी दुखावली आहे, चार दिवस ब्रश लावूं नको" असें मुलास बजावावें. हा उपदेश मायेपोटीं होतो, ह्यांत शंका नाहीं. पण तो उलटा आहे. हिरडीतून रक्त येतें तें बहुधा ब्रश लागला म्हणून नव्हे, तर ब्रश जेथें लागावयास हवा होता तेथें तो लागला नाहीं म्हणून. निरोगी हिरडी मऊ ब्रशानें सहसा रक्त देत नाहीं. सुजलेली हिरडी देते. अशा वेळीं स्वच्छता थांबविणें म्हणजे घराला आग लागली असतां विहिरीवरचा दोर काढून ठेवण्यासारखें आहे.

हें आमचें नुसतें मत नव्हे. दांतांवर बोटानें न दिसणारा, पण जिभेला बुळबुळीत लागणारा जो थर रोज चढतो, तो केवळ अन्नाचा नसतो. तो सूक्ष्म जंतूंचा असतो. हॉलंड देशांतील डेल्फ्ट गांवच्या लेव्हेनहूक नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानें स्वतः घासून केलेल्या भिंगांतून आपल्याच दांतांवरील मळ पाहिला, आणि त्यांत वळवळणारे असंख्य जीव आढळल्याचें १६८३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रानें कळविलें. त्या जीवांचें हिरडीशीं काय नातें आहे, हें पुढें १९६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानें निर्विवाद ठरलें. डेन्मार्कमधील आर्हुस येथें हॅराल्ड ल्यो व त्यांचे सहकारी ह्यांनीं निरोगी हिरड्यांच्या बारा जणांस, ज्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, दांत घासणें बंद करावयास सांगितलें. दहा ते एकवीस दिवसांच्या आंत त्या बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनीं पुन्हां दांत स्वच्छ करण्यास आरंभ केला, आणि सुमारें एका आठवड्यांत सूज ओसरली. सब्जाहि नाहीं आणि ताकहि नाहीं. थर चढला तेव्हां रोग आला, थर निघाला तेव्हां रोग गेला.

ह्यांतून विद्यार्थ्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. पहिली ही कीं, आळस अवघ्या दोनतीन आठवड्यांत आपलें फळ दाखवितो. दुसरी, आणि अधिक आशेची, ही कीं, आरंभींची सूज पूर्ण बरी होऊं शकते. मात्र तिकडे वर्षानुवर्षें दुर्लक्ष केलें, तर कांहीं जणांत तीच सूज दांताच्या मुळाशीं उतरून आधाराचें हाड खाऊं लागते, आणि एकदां झिजलेलें तें हाड आपोआप भरून येत नाहीं. पुष्कळ प्रौढ मनुष्यांचे न किडलेले दांत हालूं लागतात ते ह्याच कारणानें, वयोमानानें नव्हे.

आतां साधनाकडे वळूं. आपल्या पूर्वजांस हा विषय ठाऊक नव्हता असें कोणी समजूं नये. वाग्भटाच्या अष्टांगहृदय ग्रंथांत दंतधावन सकाळीं व जेवणानंतर करावें, काडीचें टोंक मऊ असावें आणि हिरडीस इजा होऊं देऊं नये, असें स्पष्ट सांगितलें आहे. आमच्या खेड्यांतून कडुनिंबाची व बाभळीची काडी आजहि वापरली जाते. ती नीट चावून मऊ केली तर दांताचा दर्शनी भाग चांगला घांसते. परंतु काडी असो वा ब्रश असो, दोन दांत जेथें एकमेकांस टेकतात तेथें तीं पोंचत नाहींत. आणि हिरडीचा रोग बहुधा तेथूनच सुरू होतो. घराचें अंगण रोज झाडावें आणि भिंतींमधील सांध तसेच सोडावे, त्यांतला हा प्रकार आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठीं दोऱ्यानें फटी साफ करण्याची रीत पाश्चात्य देशांत एकोणिसाव्या शतकापासून आहे. पाण्याच्या धारेचें यंत्र त्या मानानें अलीकडचें. अमेरिकेंतील कोलोरॅडो प्रांतांत फोर्ट कॉलिन्स येथें एक दंतवैद्य, गेराल्ड मॉयर, आणि एक जलयंत्रांचे अभियंते, जॉन मॅटिंग्ली, ह्या दोघांनीं तें १९६२ सालीं सिद्ध केलें. लहान टाकींतील पाणी विजेवर चालणारा पंप बारीक नळींतून तुटक तुटक ठोक्यांनीं सोडतो. त्या ठोक्यांनीं फटींतील अन्नाचे कण व सैल मळ निघून येतो, आणि हिरडीच्या कांठाखालींहि पाणी थोडें शिरतें.

यंत्र साधें असलें तरी तें वापरण्याची रीत आहे, आणि ती न कळल्यामुळें पुष्कळांचा पहिला दिवस कपडे भिजवून व आरसा ओला करूनच संपतो. टाकींत कोंबट पाणी भरावें. फार थंड पाणी दांतांस झोंबतें आणि कढत पाण्यानें तोंड भाजतें. दाबाचा कांटा सर्वांत खालच्या आंकड्यावर ठेवावा. मोरीवर वांकून उभें राहावें, नळीचें टोंक आधीं तोंडांत घ्यावें आणि मगच बटण दाबावें. ओंठ किंचित् मिटावे, म्हणजे पाणी उडत नाहीं. परंतु घट्ट मिटूं नये, म्हणजे तें सहज बाहेर पडतें. सर्वांत मागच्या दाढेपासून आरंभ करावा. धार दांताशीं काटकोनांत, दांत व हिरडी मिळतात त्या रेषेवर धरावी, आणि रेषेच्या कडेकडेनें पुढें सरकावें. प्रत्येक फटीपाशीं क्षणभर थांबावें. बाहेरची बाजू झाली कीं आंतली घ्यावी. जिभेकडील बाजू बहुतेक जण विसरतात. अशा रीतीनें सर्व तोंडास एक ते दोन मिनिटें पुरतात. जिभेच्या खालीं, घशाकडे किंवा टाळूच्या मागील भागावर धार कधींहि रोखूं नये. दिवसांतून एकदां, शक्यतों रात्रीं निजण्यापूर्वीं, आधीं धार व मग ब्रश हा क्रम आम्हांस उत्तम वाटतो. कारण टूथपेस्टमधील फ्लोराइड मग दांतांवर राहतें, धुऊन जात नाहीं.

काम झालें कीं टाकी रिकामी करून उघडी वाळूं द्यावी. घरांतील सर्वांनीं यंत्र एकच वापरण्यास हरकत नाहीं, पण नळीचें टोंक प्रत्येकाचें निराळें असावें. ओल्या हातांनीं विजेच्या बटणास स्पर्श करूं नये. लहान मुलांनीं तें मोठ्यांच्या देखरेखीवांचून हातीं घेऊं नये. ज्यांचा दांत नुकताच काढला आहे किंवा ज्यांस हृदयाच्या झडपेचा विकार आहे, त्यांनीं आधीं आपल्या वैद्यास विचारावें.

येथें आमच्या जिल्ह्यापुरती एक विशेष सूचना करणें भाग आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यांत, म्हणजे शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद ह्या बाजूंस, जो खारपाणपट्टा आहे तेथील विहिरींचें पाणी किती खारट असतें हें तिकडील वाचकांस सांगावयास नको. असलें पाणी यंत्रांत भरलें तर क्षार बारीक नळींत सांठून धार मंदावते. यंत्रांत पाणी भरावयाचें तें पिण्याचेंच असावें. गाळून, उकळून कोंबट केलेलें असल्यास उत्तम. महिना-दोन महिन्यांनीं पाण्यांत थोडें व्हिनेगर मिसळून तें यंत्रांतून सोडावें व मागाहून साध्या पाण्यानें यंत्र धुवावें. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गांवांस ही चैन कशी परवडावी, असें कोणी विचारील. हातांत धरावयाच्या यंत्रास साधारण पेलाभर पाणी लागतें, हें त्यास उत्तर आहे. पण तें पुरेसें उत्तर नाहीं, हें आम्हीहि जाणतों.

म्हणून स्पष्टच सांगतों. हें यंत्र ज्यास घेतां येत नाहीं त्यानें स्वतःस दुर्दैवी समजण्याचें कारण नाहीं. २०१९ सालीं कॉक्रेन ह्या संस्थेनें अशा सर्व साधनांवरील प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध केला. ब्रशाच्या जोडीला जलधारा वापरल्यानें महिन्याभरांत हिरडीची सूज कांहींशी कमी होत असावी, असें त्यांत दिसलें. परंतु तो पुरावा भक्कम नव्हता, आणि दांतांवरील थर तिनें कमी होतो असें सिद्ध झालें नाहीं. ह्याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. दांतांस तारा बसविलेल्या मुलांस, कृत्रिम दांत पक्के बसविलेल्यांस, आणि ज्यांच्या बोटांस संधिवातामुळें दोरा धरवत नाहीं अशा वृद्धांस तें मोठें सोयीचें आहे. पण तें ब्रशाचा सोबती आहे, वारस नव्हे. जमून दगडासारखें झालेलें कीटणहि त्यानें निघत नाहीं; तें दंतवैद्याकडूनच काढवून घ्यावें लागतें. थोड्या पैशांत मिळणारा दोरा किंवा फटींत जाणारा बारीक ब्रश, हीं साधनें रोज नेमानें वापरलीं, तर कपाटांत धूळ खात पडलेल्या महागड्या यंत्राहून तीं शतपटीनें बरीं. मात्र टांचणी, आगपेटीची काडी किंवा सेफ्टी पिन हीं दांत कोरण्याचीं साधनें नव्हेत, हें येथेंच बजावून ठेवतों.

आतां एक गोष्ट पालकांसाठीं. कांहीं घरांतून आया व आज्या सकाळीं मिशेरी लावतात, आणि तिनें हिरडी घट्ट होते असा त्यांचा विश्वास असतो. मिशेरी ही भाजलेली तंबाखूच होय. तिनें हिरडी झिजते आणि तोंडाच्या कर्करोगास वाट मिळते. महाराष्ट्रांत गुटख्यावर २०१२ सालीं बंदी घालण्यांत आली. पण मिशेरीच्या डबीस घरांत अद्याप मानाची जागा आहे. विडी ओढणाराची तर आणखी एक फसवणूक होते. तंबाखूच्या धुरानें हिरडीचें रक्त येणें कमी होतें. त्यामुळें आंत रोग वाढत असूनहि थुंकी पांढरीच दिसते. रक्त हा शरीराचा निरोप आहे. निरोप्याचें तोंड दाबल्यानें संकट टळत नाहीं. ज्या घरांत वडीलधाऱ्यांच्या हातीं मिशेरी वा विडी आहे, त्या घरांतील मुलास दंतस्वच्छतेचा पाठ शाळेनें किती शिकवावा?

असो. विद्यार्थिमित्रहो, आमचें सांगणें थोडक्यांत इतकेंच आहे. हिरडीतून रक्त दिसलें तर भिऊन थांबूं नका. त्याच जागीं, मऊ हातानें पण नेमानें, अधिक स्वच्छता करा. ब्रश दोन वेळां, फटींची सफाई एक वेळ. मग ती धारेनें करा, दोऱ्यानें करा किंवा बारीक ब्रशानें करा. पहिले कांहीं दिवस रक्त येईल, आणि सूज उतरेल तसतसें तें कमी होत जाईल. दोन आठवड्यांनंतरहि तें थांबलें नाहीं, तर उशीर न करतां दंतवैद्याकडे जा. कारण क्वचित् त्याचें मूळ मधुमेहांत, रक्ताच्या विकारांत किंवा एखाद्या औषधांतहि असूं शकतें.

आणि पालकहो, तुमच्या मुलाची थुंकी तांबडी दिसेल त्या दिवशीं त्याच्या हातांतील ब्रश काढून घेऊं नका. स्वतःचा ब्रश घेऊन त्याच्या शेजारीं उभे राहा.