परवानगी मागून केलेली थट्टा

विडंबन कळायला मूळ रचना आधी ठाऊक असावी लागते, असे आपण मानतो. माझ्या बाबतीत हे उलटे घडले. घरोघरी केबल नुकतीच आली होती, त्या दिवसांतली गोष्ट. एका संध्याकाळी पडद्यावर लांब केसांचा एक गायक जिवाच्या आकांताने ओरडत होता. त्याचा एक शब्द कळेल तर शपथ! आणि ऐन रंगात आल्यावर त्याने चक्क पाण्याच्या गुळण्या केल्या, त्याही तालात. शेजारी बसलेला भाचा हसून हसून लोळत होता. ‘मामा, हे निर्वाणाचं विडंबन आहे,’ असे त्याने मला समजावले. निर्वाणाचे मूळ गाणे मी नंतर ऐकले. आजही ते कुठे लागले की मला पहिल्यांदा गुळण्याच आठवतात.

तो गायक म्हणजे आल्फ्रेड यांकोविक, जगाला ठाऊक असलेला ‘वियर्ड अल’. कॅलिफोर्नियात 1959 साली जन्मलेला हा गृहस्थ लहानपणी अकॉर्डियन शिकला आणि पुढे कॉलेजात वास्तुशास्त्र शिकत असताना 1979 साली त्याने आपले पहिले गाजलेले विडंबन कॉलेजच्या रेडिओ केंद्रासमोरच्या स्वच्छतागृहात ध्वनिमुद्रित केले. तिथे आवाज छान घुमतो म्हणून! रॉकच्या दुनियेत अकॉर्डियन घेऊन शिरणे म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात धोतर सावरत उतरण्यासारखे. पण हा पठ्ठ्या टिकला. 1984 साली मायकेल जॅक्सनच्या ‘बीट इट’चे त्याने ‘ईट इट’ केले. मूळ गाण्यात मारामारी टाळण्याचा उपदेश, तर याच्या गाण्यात ताटातले न संपवणाऱ्या पोराला आईबापांनी चालवलेला आग्रह. त्याला ग्रॅमी मिळाले. तीस वर्षांनी, 2014 साली, त्याचा ‘मँडेटरी फन’ हा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आला. विनोदी अल्बमला हा मान 1963 नंतर प्रथमच मिळाला. ज्यांची त्याने थट्टा केली त्यांतले कितीतरी जण मधल्या काळात विस्मृतीत गेले होते.

नक्कल करायलाही अक्कल लागते, ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. इथे ती शब्दशः खरी आहे. यांकोविकचे खरे कसब, माझ्या मते, त्याच्या गाजलेल्या गाण्यांत नाही. ते दिसते जिथे तो कोणतेही एक गाणे घेत नाही, तर एखाद्या कलावंताची अख्खी ढब उचलतो. 2003 मधले ‘बॉब’ हे गाणे घ्या. चाल नवी, शब्द नवे; पण आवाजातला तो नाकातला सूर, तोंडातली ती हार्मोनिका आणि ओळीमागून ओळ फेकण्याची ती लकब ऐकली की बॉब डिलन डोळ्यांसमोर उभा राहतो. गंमत अशी की त्यातली प्रत्येक ओळ उलटीकडून वाचली तरी तीच राहते. आपल्याकडच्या ‘चिमा काय कामाची’सारखी. अशा ओळींना अर्थ फारसा नसतोच. तरी डिलनच्या थाटात म्हटल्या की त्या भलत्याच गूढ वाटू लागतात. डिलनवर चार पानांचा टीकालेख लिहूनही जे सांगता आले नसते ते या एका गाण्याने सांगितले आहे. डिलनच्या भक्तांनी रागावू नये. मीही त्यांच्यातलाच आहे.

आता मुद्द्याकडे येतो. ढब कोणाच्या मालकीची नसते. चाल आणि शब्द मात्र असतात. ही सीमारेषा किती निसरडी आहे याचा अनुभव इंग्लंडमध्ये नील इनिस या संगीतकाराने घेतला. 1978 साली एरिक आयडल आणि त्याने ‘रटल्स’ नावाचा खोटाच बँड काढून बीटल्सची थट्टा करणारा चित्रपट केला. खुद्द जॉर्ज हॅरिसनने त्यात छोटी भूमिका हौसेने केली. पण बीटल्सच्या गाण्यांचे हक्क तेव्हा ज्या कंपनीकडे होते, तिला हसू आले नाही. गाणी इनिसने स्वतः रचली होती, तरी तडजोडीत त्याला रॉयल्टीचा निम्मा वाटा सोडावा लागला. ज्याची थट्टा झाली तो हसतो आणि ज्याच्याकडे हक्काचे कागद आहेत तो वकील पाठवतो, हा प्रकार तेव्हापासून वारंवार दिसत आला आहे.

यांकोविकने म्हणूनच एक रीत पाळली: मूळ कलावंताला विचारल्याशिवाय विडंबन करायचे नाही. निर्वाणाच्या कर्ट कोबेनला त्याने फोन केला, तेव्हा कोबेनने विचारले, गाणे खाण्यापिण्याविषयी आहे का? यांकोविक म्हणाला, नाही, तुमचे शब्द कोणालाच कळत नाहीत याविषयी आहे. कोबेनने आनंदाने होकार दिला. पॉल मॅकार्टनीने मात्र एकदा नकार दिला; गाण्यात कोंबडीच्या पदार्थाचे गुणगान होते आणि पॉल शाकाहारी! प्रिन्सने तर कधीच होकार दिला नाही, आणि यांकोविकनेही त्याच्या वाटेला जायचे टाळले. 1996 साली रॅपगायक कूलिओच्या बाबतीत घोटाळा झाला. कंपनीकडून होकार आला असे यांकोविकला वाटले. कूलिओ म्हणाला, मी होकार दिलेलाच नाही. यांकोविकने माफीचे पत्र लिहिले. पुढे दोघांचे मिटले.

ही रीत सभ्य आहे, यात शंका नाही. पण सभ्यता हा कायदा झाला तर? ज्याची थट्टा करायची त्याच्याच परवानगीने ती करायची म्हटले, तर थट्टा फक्त दिलदार माणसांचीच होईल. आणि त्यांना तिची गरज सर्वांत कमी असते!

हाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आला तो ‘टू लाइव्ह क्रू’ या रॅप गटामुळे. रॉय ऑर्बिसनचे 1964 मधले ‘ओ, प्रिटी वुमन’ हे गोड गाणे त्यांनी भसाड्या रूपात आणले. त्यांनी परवानगी मागितली होती. हक्कदार कंपनीने ती नाकारली. तरीही त्यांनी 1989 मध्ये गाणे काढले. 7 मार्च 1994 रोजी न्यायालयाने एकमताने म्हटले की विडंबन विकून पैसे मिळवले, एवढ्यावरून ते बेकायदा ठरत नाही. मूळ कृतीवर बोलायचे तर तिचा काही भाग उचलावाच लागतो. विडंबनाच्या माऱ्याने मूळ गाण्याची किंमत उतरली तर ते नुकसान कायदा मोजत नाही. विडंबन मूळ गाण्याच्या जागी विकले जाऊ लागले तर मात्र मोजतो. एक बारीक भेदही न्यायालयाने केला. मूळ गाण्यावरच हसणे वेगळे आणि त्याच्या चालीवर भलत्याच विषयाला हसणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात उसनवारीचे समर्थन जास्त कसून द्यावे लागते. या कसोटीवर निर्वाणाचे गाणे सहज सुटेल. ‘ईट इट’बद्दल मी पैज लावणार नाही.

आपल्याला हे सारे परके वाटायचे कारण नाही. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे नाव छापलेले असे. उसनवारी लपवायची नाही, मिरवायची. अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहून रविकिरण मंडळाच्या कवींची भंबेरी उडवली, तेव्हा त्यांनी कोणाची परवानगी घेतली असेल, असे त्यांना ओळखणारा कोणीही म्हणणार नाही.

मार्च 2025 मध्ये मात्र मुंबईतच वेगळे चित्र दिसले. कुणाल कामरा या विनोदवीराने ‘दिल तो पागल है’मधल्या एका गाण्याच्या चालीवर, नाव न घेता, उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांची खिल्ली उडवली. शिंदे यांच्या समर्थकांनी खारमधल्या त्या सभागृहाची मोडतोड केली. गुन्हे दोन्ही बाजूंनी नोंदले गेले. चाल कोणाची, हा प्रश्न त्या रात्री कोणाच्याच डोक्यात नव्हता. तो दोन-तीन दिवसांत आला. टी-सीरिजने कॉपीराइटच्या कारणाने आपली चित्रफीत अडवल्याचे कामराने जाहीर केले. विडंबन हा कायद्याने मान्य वापर आहे, असे त्याचे म्हणणे.

मान्य आहे का? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे 52 वे कलम मी काढून पाहिले. टीका आणि समीक्षा यांसाठी केलेला रास्त वापर त्यात आहे, चालू घडामोडींचे वृत्तांकनही आहे. विडंबन हा शब्द नाही. ब्रिटनने 2014 मध्ये तो आपल्या कायद्यात घातला. आपल्याकडे तो ‘टीका’ या शब्दात बसवून घ्यावा लागतो, आणि ते पटवून देण्याआधीच चित्रफीत अडवली गेलेली असते.