घर आधी की मैदान?

'कामगाराला आधी घर द्या, मैदानाचे मागाहून पाहू,' असे काही कॉम्रेड म्हणतात. ही भूमिका चुकीची आहे. मुंबईच्या बंद गिरण्यांचा इतिहास काय सांगतो? 1991 च्या नियमावलीने त्या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते : एक मैदाने-उद्यानांना, एक स्वस्त घरांना, एक मालकाला. 2001 साली राज्य सरकारने ही वाटणी बांधकाम नसलेल्या जागेपुरती मर्यादित केली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मैदान आणि घर, दोहोंचा वाटा एकाच फटक्यात कापला गेला! चाळीतील एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचे मैदान हेच अंगण आणि श्रमिकांचे तेच सभास्थान. म्हणून या मागण्या दोन असल्या तरी लढा एकच आहे.