खोक्यावरचं ८के

२०२३ च्या सप्टेंबरात रास्पबेरी पाय ५ ची घोषणा झाली. त्यातून एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर काढून टाकलाय हे लोकांच्या लक्षात आलं आणि एकच आरडाओरडा सुरू झाला. २०१२ च्या पहिल्या पायमध्ये होता, पाय ४ मध्ये होता, मग हे पुढे जायचं सोडून मागे कसे गेले? स्पेक शीट पाठ असणाऱ्या आपल्या पिढीला त्या शीटवरची एक ओळ कमी झालेली सहन होत नाही. माझं मत उलटं आहे. काढला ते बरं केलं. ओरडायचंच होतं तर ज्या बोर्डांच्या खोक्यावर ‘८के’ असं ठसठशीत छापलेलं असतं आणि घरी आणल्यावर ज्यांच्यावर साधा १०८०पी व्हिडिओ अडखळतो, त्यांच्याबद्दल ओरडायला हवं होतं.

आधी हे काम केवढं आहे ते पाहू. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला ६ कोटी २२ लाख. हे सगळे पिक्सेल फाइलमध्ये नसतातच. फाइलमध्ये असतात त्या साधारण अशा सूचना: मागच्या फ्रेममधला हा तुकडा उचल, चार घरं डावीकडे सरकव, एवढा फरक त्यात मिळव. त्या सूचनाही इतक्या आवळून बांधलेल्या असतात की आधीचा बिट सोडवल्याशिवाय पुढचा उलगडत नाही. त्यामुळे हा भाग हजार छोट्या कामगारांत वाटून देणं अवघड. जीपीयू तर नेमका हजार छोट्या कामगारांचा कारखाना. ‘जीपीयू भारी आहे, म्हणजे व्हिडिओ चालणारच’ हे म्हणूनच खरं नाही. गेम रंगवणारा जीपीयू वेगळा आणि व्हिडिओ उलगडणारा ठोकळा वेगळा. एकाच चिपवर शेजारी राहतात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात एवढंच.

पहिल्या पायमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा एकुलता एक कोअर होता. त्याच्याकडून सॉफ्टवेअरने १०८०पी उलगडणं शक्यच नव्हतं. पण शेजारच्या ठोकळ्यामुळे ३५ डॉलरच्या त्या बोर्डावर सिनेमे गुळगुळीत चालायचे. हार्डवेअर डिकोडरचं श्रेय मी नाकारत नाही. तो नसता तर पायची अर्धी लोकप्रियता नसती.

त्याच बोर्डातली एक गंमत मात्र आज कुणाला आठवत नाही. एमपेग-२ उलगडायची सोयसुद्धा त्या चिपमध्ये होती, पण कुलूपबंद. एमपेग-२ म्हणजे डीव्हीडीचा फॉरमॅट. आपल्या डीडी फ्री डिशवरची कितीतरी चॅनेलं त्याच फॉरमॅटमधली. पेटंटचं शुल्क भरल्याशिवाय ते वापरायचं नाही, म्हणून ऑगस्ट २०१२ पासून २ पौंड ४० पेन्सला त्याची चावी विकायला आली. चावी बोर्डाच्या सीरियल नंबरला बांधलेली. बोर्ड जळला, नवा आणला, की चावी पुन्हा विकत घ्या. पुढे कोअर इतके वेगवान झाले की एमपेग-२ नुसत्या सॉफ्टवेअरने चालायला लागलं, आणि २०१९ च्या पाय ४ मध्ये तो ठोकळा दिसेनासा झाला. कुणीही हळहळलं नाही.

पायच्या बाबतीत निदान चावी मिळत तरी होती आणि तिची किंमत छापलेली होती. बाकीच्या बाजारात काय चालतं? रॉकचिपची आरके३५८८ ही चिप घ्या. कागदावर पाहिलं तर ८के एचईव्हीसी, ८के व्हीपी९, ४के एव्ही१, सगळं हार्डवेअरमध्ये. तिच्यावरचे बोर्ड २०२२ पासून मिळायला लागले. पण तीन वर्षं उलटली तरी मूळ लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, या चिपच्या एच.२६४ आणि एचईव्हीसी डिकोडरचे ड्रायव्हर आलेले नव्हते. डिकोडर वापरायचा तर चिपवाल्यांनी स्वतः जोडकाम केलेला जुना कर्नेल, त्यांची स्वतःची लायब्ररी आणि त्या लायब्ररीसाठी मुद्दाम बदललेले प्लेअर, असा सगळा संसार घ्यायचा. ब्राउझर या संसारात बहुतेक वेळा नसतोच. आणि आपण व्हिडिओ कुठे बघतो? ब्राउझरमध्ये.

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत माझा मावसभाऊ शिकवतो. त्याने वर्गातल्या प्रोजेक्टरला जोडायला असाच एक स्वस्त बोर्ड मागवला. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. अशा डझनभर आहेत. खोक्यावर ४के. पाठांचे व्हिडिओ ब्राउझरमध्ये लावले की आवाज पुढे आणि चित्र मागे. “दादा, माझं काही चुकतंय का?” असं त्याने फोनवर विचारलं तेव्हा मला त्या कंपनीचा खरंच राग आला. शिकवायचं सोडून हा माणूस स्वतःची चूक शोधत बसला होता. कंपनीच्या डाउनलोड पानावरची शेवटची इमेज तीन वर्षांपूर्वीची होती. तिच्यात एक खास प्लेअर होता आणि तो डिकोडर वापरायचा, पण सिस्टिम अपडेट केली की तोच प्लेअर उघडेना. अपडेट करू नको, तर मग त्या जुन्यापान्या सिस्टिमने शाळेचं इंटरनेट वापरायचं? शेवटी पाठ ७२०पीमध्ये उतरवून घेतले आणि साध्या प्लेअरवर सॉफ्टवेअरने लावले. चालले. पैसे मोजून घेतलेला ४केचा ठोकळा त्याच चिपमध्ये निवांत झोपलेला.

म्हणून माझी व्याख्या सोपी आहे. ज्या डिकोडरचा ड्रायव्हर मूळ लिनक्समध्ये नाही, तो डिकोडर बोर्डात नाहीच असं समजायचं. सिलिकॉनवर असेल, खोक्यावर असेल, जाहिरातीत असेल. आपल्यासाठी नाही.

हे ड्रायव्हर लिहितं कोण, तेही बघा. ऑलविनर या कंपनीच्या चिप एके काळी प्रत्येक स्वस्त टॅबलेटमध्ये असायच्या. त्यांच्या डिकोडरचं कोडं हौशी लोकांनी उलट्या बाजूने सोडवलं आणि २०१८ मध्ये बूटलिन या फ्रेंच कंपनीने किकस्टार्टरवर लोकवर्गणी काढून त्याचा ड्रायव्हर मूळ लिनक्समध्ये नेला. चिप विकून पैसे एकाने कमवायचे आणि ती चालावी म्हणून वर्गणी दुसऱ्यांनी भरायची. गणपतीची वर्गणीसुद्धा यापेक्षा न्याय्य असते.

रास्पबेरी पायवालेही या बाबतीत धुतल्या तांदळासारखे नाहीत. जुन्या पायवर ओएमएक्सप्लेअर नावाचा प्लेअर होता आणि तो थेट त्या ठोकळ्याशी बोलायचा. दुकानांतले, प्रदर्शनांतले किती पडदे त्याच्यावर चालायचे. २०२१ च्या बुल्सआय आवृत्तीत तो गेला, कारण ज्या पुलावरून तो ठोकळ्यापर्यंत जायचा तो पूलच मोडीत काढला. चिप तीच, ठोकळा तोच, कालपर्यंत चालणारं आज बंद.

आता सॉफ्टवेअरची बाजू. एव्ही१ हा फॉरमॅट २०१८ मध्ये आला तेव्हा तो सॉफ्टवेअरने उलगडणं म्हणजे वेडेपणा आहे असं बहुतेकांना वाटायचं. त्याच वर्षी व्हीएलसीवाल्या व्हिडिओलॅनने ‘डेव्हिड’ नावाचा डिकोडर लिहायला घेतला. त्यात सी भाषेपेक्षा असेंब्लीच्या ओळी कितीतरी जास्त आहेत, हाताने लिहिलेल्या, एआरएमच्या कोअरसाठी वेगळ्या. प्रत्येक आवृत्तीत तो वेगवान होत गेला आणि ज्यांच्याकडे जुने बोर्ड होते त्यांना तो वेग फुकट मिळाला. सिलिकॉनमधला ठोकळा कारखान्यातून निघाला तेव्हा जे शिकला होता तेवढंच त्याला आयुष्यभर येतं. ॲनिमे बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: १० बिटवाल्या एच.२६४ फाइली समोर आल्या की बहुतेक हार्डवेअर डिकोडर हात वर करतात आणि साधा सीपीयू त्या निमूट चालवतो.

पाय ५ चे २.४ गिगाहर्ट्झचे चार कोअर १०८०पीचा एच.२६४ सहज उलगडतात. मग तो ठोकळा हवा कशाला? हा प्रश्न योग्यच आहे, पण याच तर्कावर थोडं अडायला हवं. सॉफ्टवेअर वीज खातं आणि उष्णता काढतं. अकोल्यात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेला बोर्ड आणि पुण्यातल्या एसी ऑफिसमधला बोर्ड यांना एकच सल्ला देता येत नाही. पाय ४ ला १५ वॅटचा चार्जर पुरायचा, पाय ५ साठी २७ वॅटचा सुचवतात. सौर पॅनेलवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात हार्डवेअर डिकोडरच हवा, त्यात वाद नाही. ‘सीपीयू वेगवान झालेत, आता कशाला’ म्हणणारे लोक वीजबिल बापाने भरलेले असतात.

आणि पाय ५ मध्ये ठेवलं काय? एचईव्हीसीचा डिकोडर, ४के, सेकंदाला ६० फ्रेम. यूट्यूब एचईव्हीसी देतच नाही. १०८०पीपर्यंत एच.२६४, त्याच्यावर व्हीपी९ किंवा एव्ही१, आणि या तिन्हींसाठी पाय ५ मध्ये ठोकळा नाही. घरी ४के सिनेमे साठवणाऱ्यांचं साधलं. यूट्यूबवर शिकणाऱ्यांचं ४के अडखळलेलंच राहिलं. ठेवायचा एकच होता तर एव्ही१चा ठेवायला हवा होता. एचईव्हीसीच्या मागे तर एके काळी पेटंटधारकांच्या तीन-तीन टोळ्या वेगवेगळं शुल्क मागत फिरायच्या.

हे बोर्डवेड्या लोकांचं भांडण आहे, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर हातातल्या फोनकडे बघा. २०२४ मध्ये गूगलने हाच डेव्हिड अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनांमध्ये सिस्टिम अपडेटमधून पोचवला. एव्ही१चा ठोकळा नसलेल्या फोनांवरही यूट्यूब एव्ही१ पाठवायला लागलं. एव्ही१मुळे डेटा कमी लागतो, तो आपलाही वाचतो आणि त्यांचाही. बॅटरी मात्र फक्त आपली जाते. सॉफ्टवेअर डिकोडिंगच्या बाजूने एवढं लिहूनही मला हे खटकतं, कारण इथे निवड करणारा मी नव्हतो.

यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ सुरू करा. व्हिडिओवर जी काळी चौकट येते तिच्यात कोडेकचं नाव असतं: एव्हीसी१, व्हीपी०९ की एव्ही०१, ते कळेल. बोर्ड असेल तर एमपीव्ही प्लेअरमध्ये व्हिडिओ चालू असताना ‘आय’ची कळ दाबा, हार्डवेअर वापरतोय की नाही आणि किती फ्रेम गळाल्या, दोन्ही दिसतं. आणि नवा बोर्ड घेताना विक्रेत्याला ८केबद्दल काही विचारू नका. कर्नेल कुठला आणि शेवटची इमेज कधीची, एवढंच विचारा.